वाळूचा दगड होतो तो कसा? (करल, कडप्पा, शहाबादी आणि बाकीचे चुनखडक)

पुळण

हर्णे-मुरुडकडे ओहोटीला पाणी मागे गेलं की वाळूखालून दगडाच्या पसरट लाद्या उघड्या पडतात. समुद्राकडे किंचित उतरत्या, एकावर एक रचल्यासारख्या. किनाऱ्यावरचे लोक याला करल म्हणतात. जवळून पाहिलं तर ती वाळूच आहे, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट, पण हातोडीलाही सहज दाद देत नाही. या वेळी एका लादीत बाटलीची काच दिसली. फटीत अडकलेली नव्हे, चारी बाजूंनी दगडात बसलेली.

शाळेत शिकलो ते असं: गाळ साचतो, त्यावर आणखी साचतो, दाब येतो, लाखो वर्षं जातात आणि खडक होतो. इथे दाब कुठला? वर वीतभर वाळू. आणि लाखो वर्षांपूर्वी बाटल्या नव्हत्या.

तर प्रश्न एवढाच: ही वाळू चिकटवली कशाने आणि तो चिकटा आला कुठून? विकीची लिंक देऊ नका, वाचून झालंय.

उपद्व्यापी

रस्त्याचं उरलेलं काँक्रीट कोणीतरी ओतलं असेल हो.

पुळण

इतकं टिकणारं काँक्रीट आमच्या रस्त्यावर पडलं असतं तर आणखी काय हवं होतं!

अश्मक

बाटलीवरून शंका आली ते बरं झालं. शाळेतलं चित्र वालुकाश्म आणि शेल (चिखलाचा थरदार खडक) यांना बऱ्यापैकी लागू पडतं. चुनखडकांचं गणित वेगळं आहे, कारण त्यांचा कणच पाण्यात विरघळू शकतो. गारगोटीचा कण समुद्रात पडला की गारगोटीच राहतो. शिंपल्याचा तुकडा पडला की त्याच्याभोवतीचं पाणी त्याच्याशी सतत देवघेव करत असतं.

देवघेवीचा नियम साधा आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड शिरला की कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. तो वायू बाहेर पडला, पाणी तापलं किंवा आटलं, की तेच कार्बोनेट परत खाली बसतं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तो याच नियमाने.

आता तुमची पुळण घ्या. उष्ण प्रदेशात समुद्राचं वरचं पाणी मुळातच कार्बोनेटने अतिसंपृक्त असतं, म्हणजे खाली बसायला निमित्तच शोधत असतं. भरतीला ते वाळूच्या फटींत शिरतं. ओहोटीला ऊन लागतं, थोडं पाणी आटतं, थोडा कार्बन डायऑक्साइड निघून जातो. प्रत्येक खेपेला कणांवर ॲरागोनाइटच्या सुया किंवा मॅग्नेशियम जास्त असलेल्या कॅल्साइटचा पातळ लेप बसतो (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपं). दोन शेजारी कणांचे लेप एकमेकांना भिडले की दगड. दाबाची गरजच नाही, आणि काही दशकंसुद्धा पुरतात. पॅसिफिकमधल्या बेटांवर अशा लाद्यांत दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी सामान पक्कं बसलेलं सापडलं आहे.

लाद्या समुद्राकडे उतरत्या असतात, कारण त्या पुळणीचा उतार जसाच्या तसा गोठवतात. मात्र कोकणातलं सगळं करल इतकं ताजं नाही. बरंचसं गेल्या काही हजार वर्षांतलं आहे आणि काही ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्या वर आहे.

उपद्व्यापी

मस्करी बाजूला. बाटली कुठल्या कंपनीची होती ते बघा. कंपनी कधी सुरू झाली ते कळलं की दगड त्यानंतरचा. फुकटात वय.

अश्मक

बाटलीवरून वय काढण्याची ही पद्धत खरंच वापरतात! फक्त त्या लादीतला तेवढा भाग त्यानंतरचा, एवढंच त्यातून सिद्ध होतं. शेजारची लादी कितीतरी जुनी असू शकते.

सहज_सुचलं

पाणी सगळीकडे तेच, ऊन तेच, भरती-ओहोटी तीच. मग सगळ्या पुळणी दगड का होत नाहीत? आमच्या आजोळी (अलिबागच्या बाजूला) एका किनाऱ्यावर करल आहे आणि शेजारच्याच किनाऱ्यावर पायाला फक्त वाळू लागते.

अश्मक

वाळू काही काळ एका जागी स्वस्थ पडून राहायला हवी. रोज लाटांत घोळणाऱ्या कणांवर लेप बसतो तोच घासून निघतो. दुसरं, कण कसले आहेत. शिंपल्याच्या कणावर कार्बोनेटचा लेप चटकन धरतो, बेसॉल्टच्या काळ्या कणावर तितका नाही. कोकणातल्या वाळूत दोन्हींचं मिश्रण असतं आणि प्रमाण किनाऱ्यागणिक बदलतं. तिसरं कारण वादाचं आहे. काही अभ्यासकांच्या मते जिथे जमिनीकडून येणारं गोडं भूजल वाळूतून समुद्रात झिरपतं तिथेच हे होतं. काहींच्या मते वाळूतल्या सूक्ष्मजीवांचा हात मोठा. बहुधा ठिकाणागणिक उत्तर वेगळं आहे.

चकली_ताई

फार आत गेलात, मी स्वयंपाकघरातूनच विचारते. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी पांढुरका डाग. घासून जात नाही. कडप्पा पण चुनखडकच का? इतका काळा?

वणीची_चिंच

हो ताई, चुनखडकच. काळा रंग त्यातल्या सेंद्रिय कार्बनचा, तोही अगदी थोडा पुरतो. लिंबातलं आम्ल वरचं पॉलिश खातं, म्हणून डाग. तो डाग नसून खड्डा आहे, म्हणून घासून जात नाही. परत पॉलिश करणं हाच इलाज. शहाबादी आणि कोटाचंही तेच. बाथरूमच्या शहाबादीवर ॲसिड ओतून 'काय मस्त फेस येतोय, मळ निघतोय' म्हणणारे लोक बघितले की जीव तुटतो. तो फेस फरशीचा असतो.

चकली_ताई

अगं बाई. म्हणजे इतकी वर्षं आमची कामवाली फरशीच धूत होती. शब्दशः.

नारळीपौर्णिमा

शहाबादी हा पण शिंपल्यांचाच दगड ना? मग त्यात एकही शिंपला दिसत कसा नाही? इतके बारीक दळले गेले?

वणीची_चिंच

शिंपलेवाले प्राणीच नव्हते तेव्हा. भीमा खोऱ्यातला तो थर त्यांच्या आधीचा. कडप्पा, कोटा आणि आमच्या वणी-राजूरकडचा पैनगंगा गटातला चुनखडकही तसेच. तेव्हा कार्बोनेट थेट पाण्यातून बारीक चिखल होऊन बसत होतं, किंवा निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या थरांच्या आधाराने. ते जिवाणू प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. पुढचं अश्मकसरांनी वर सांगितलंच आहे. आजही बहामाजच्या उथळ पाण्यात अचानक दुधाळ ढग उठतात, ते असलाच चिखल. तिथे त्यात हिरव्या शेवाळांच्या सुयांची भर पडते. तो कसा आणि किती बनतो यावर अजून भांडणं चालू आहेत.

खोदकाम_बंद

धागा उशिरा पाहिला. आयुष्यभर याच दगडाचं खाल्लंय, म्हणून चार ओळी.

मुंबई हाय बहुतेकांना माहीत असतं, पण तिथलं तेल कशात आहे हे विचारलं की लोक 'समुद्राखालचं तळं' वगैरे सांगतात. तेल चुनखडकात आहे. १९७४ साली शोध लागला, १९७६ पासून उत्पादन. मुख्य थराला आम्ही एल-थ्री म्हणतो. मायोसीन काळातला चुनखडक, साधारण १३०० ते १४०० मीटर खोलीवर, अधूनमधून शेलचे पापुद्रे.

पहिल्यांदा त्याचा कोअर (विहिरीतून कापून काढलेला दगडाचा दंडगोल) हातात घेतला तेव्हा शिंपले दिसतील असं वाटलं होतं. बऱ्याच ठिकाणी दिसले ते शिंपल्यांचे साचे. शिंपला गायब, त्याच्या आकाराची पोकळी शिल्लक, आणि पोकळीला तेलाचा वास. समुद्राची पातळी उतरली की तो थर उघडा पडायचा, पावसाचं पाणी शिरायचं. पावसाचं पाणी मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन उतरतं, ते आधी ॲरागोनाइटचे शिंपले खातं, कारण ॲरागोनाइट कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतो. भोवतीचा कॅल्साइटचा भाग तग धरतो. मग समुद्र परत वर आला, वर शेल बसला, झाकण लागलं. तेल आलं ते कितीतरी नंतर, रिकाम्या जागेत.

ड्रिलिंगवाल्यांना या पोकळ्या आवडत नाहीत. बिट (खोदायचं पातं) मोठ्या पोकळीत गेली की मड (विहिरीत फिरवतात तो पातळ चिखल) परत वर येतच नाही, टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरते आणि रात्री दोन वाजता सगळे उठून बसतात. उत्पादनवाले उलट खूश. विहीर मंदावली की ते खाली हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात आणि दगडात वाटा मोकळ्या करतात. चकलीताईंच्या बाथरूममध्ये चालतं तेच, फक्त पगार जास्त.

पण अश्मकसर, 'दाबाची गरजच नाही' हे वाक्य खटकलं. पुळणीपुरतं ठीक. खोल गेल्यावर दाबच राजा.

अश्मक

पुळणीबद्दलच बोलत होतो. पण खोलीवरचा दाबही गाळ नुसता आवळून बसत नाही, तोही विरघळवण्याचंच काम करतो. तुम्ही स्टायलोलाइट (दाबाखाली दगड विरघळून उरतात त्या दातेरी रेषा) पाहिलेच असतील, तुम्हीच सांगा.

खोदकाम_बंद

कोअरमध्ये दाखवण्यापेक्षा लिफ्टच्या लॉबीत दाखवतो. बोटिचिनो नावाची फिकट बदामी 'इटालियन मार्बल' बऱ्याच इमारतींत असते. (ब्रेशाजवळचा चुनखडक आहे तो, संगमरवर नाही, पण तसं म्हटलं तर विकणार कोणाला.) त्यात करवतीच्या दात्यांसारख्या वेड्यावाकड्या काळपट रेषा दिसतात. आमच्या सोसायटीत त्यावरून 'तडे गेलेला माल दिला' म्हणून सभा झाली होती. तडे नव्हेत ते. काहीशे मीटर किंवा त्याहून खोल गाडलेल्या दगडात, दोन भाग एकमेकांवर दाबले जातात तिथे कार्बोनेट विरघळून निघून गेलं. मागे राहिली न विरघळणारी माती आणि सेंद्रिय काजळी. त्या रेषेच्या जागी पूर्वी दगड होता, कधी कधी बराच.

तो गेला कुठे? आसपासच्याच फटींत जाऊन सिमेंट म्हणून बसला.

पुळण

थांबा. म्हणजे दगड स्वतःलाच खाऊन स्वतःला चिकटवतो?

अश्मक

मोठ्या प्रमाणात, हो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, चिकटा आला कुठून याचं, उत्तर इथे आहे, आणि ते सोपं नाही.

ताज्या कार्बोनेट गाळात ४० ते ७० टक्के जागा रिकामी असते. जुन्या चुनखडकांपैकी बहुतेकांत ती ५ टक्क्यांच्या आसपास उरते. मधली एवढी जागा भरायला लागणारं कार्बोनेट प्रचंड आहे. नुसत्या समुद्राच्या पाण्याने भरायची म्हटली तर त्या फटींच्या हजारो पट पाणी त्यांतून जायला हवं. किनाऱ्यावर किंवा प्रवाळांच्या कडेला, जिथे लाटा पाणी आत ढकलतात, तिथे हे शक्य आहे. एक किलोमीटर खोल, शेलने झाकलेल्या थरात इतकं पाणी कोण आणून देणार? तेव्हा माल घरचाच लागतो. वरच्या थरांत ॲरागोनाइटचे शिंपले विरघळून कॅल्साइट म्हणून बसतात. नुसत्या या बदलातही आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी वाढतं, कारण कॅल्साइट हलका आहे. खोलीवर स्टायलोलाइट माल पुरवतात. एका ठिकाणी पोकळी पडते, दुसरी भरते.

म्हणून चुनखडक 'तयार झाला' अशी तारीख सांगता येत नाही. मुंबई हायला ज्या पाण्याने पोकळ्या केल्या, तसल्याच पाण्याने दुसरीकडे पोकळ्या भरल्या. पाणी कार्बोनेटचं भुकेलं होतं की भरलेलं, एवढाच फरक.

बांधावरून

सोलापूरकडचा द्राक्षवाला आहे, भूगर्भातलं काही कळत नाही. पण आमच्या काळ्या रानात दीड-दोन फुटांवर पांढरे खडे लागतात, चुनखडी म्हणतो आम्ही. ज्या पट्ट्यात जास्त तिथे नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कृषीवाले म्हणतात लोह मिळत नाही. इथे ना समुद्र, ना शिंपले. हा चुना कुठला?

अश्मक

तुमच्याच रानाचा. बेसॉल्टच्या खनिजांत कॅल्शियम भरपूर आहे. खडक झिजतो, ते सुटं होतं, पावसाळ्यात पाण्याबरोबर खाली उतरतं. मुळं आणि मातीतले जीव कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, तो मिळाला की कार्बोनेट. पुढे कोरडा काळ आला की पाणी आटतं आणि खडे राहतात. जास्त पावसाच्या कोकणात हा चुना धुऊन जातो, तुमच्या कमी पावसात अडकून बसतो. समुद्राविना आणि शिंपल्यांविना, आपल्या डोळ्यांसमोर बनत असलेला चुनखडक आहे तो.

पानांचं कारणही तेच. चुन्यामुळे सामू ८ च्या वर राहतो, लोह जमिनीत असूनही मुळांना उचलता येत नाही.

बांधावरून

म्हणजे नुसतं हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकून भागत नाही म्हणतात ते खरंय. चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) घ्यावं लागतं, खर्च वाढतो. असो. आमच्या रानात खडक तयार होतोय म्हणजे उताऱ्यावर कोणीतरी खाण दाखवणार आता.

अबूधाबीकर

वाचतोय, मजा येतेय. इथे आमच्या साइटवर सब्खा आहे. समुद्राला लागून मैलोन्मैल सपाट खारट जमीन, वर मिठाची साय, खाली चिखल, त्यात जिप्सम. उन्हाळ्यात भूजल वर चढून आटत राहतं. कॉलेजात शिकलो होतो की डोलोमाइट (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेला कार्बोनेट) बनतो त्या जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. पायाच्या दृष्टीने मात्र डोकेदुखी, मीठ आणि सल्फेट काँक्रीटला जगू देत नाहीत.

कोणी डोलोमाइटबद्दल लिहील का? कधीच नीट कळला नाही.

वणीची_चिंच

कोणालाच नीट कळलेला नाही, काळजी नसावी.

देओदा द डोलोमियूने १७९१ मध्ये लिहिलं की दिसायला चुनखडक पण आम्लात फेस नाही असा दगड डोंगरात आहे. जुन्या थरांत डोलोमाइट डोंगरच्या डोंगर आहे. आजच्या समुद्राच्या पाण्यात तो बसायला हवा इतकी संपृक्तता असूनही जवळपास बसतच नाही. लिंटन लँड यांनी २५ अंशांना हजारपट अतिसंपृक्त द्रावण ३२ वर्षं ठेवलं. डोलोमाइट आला नाही. त्यावर त्यांनी १९९८ साली पेपर लिहिला. नापास झालेल्या प्रयोगावर असा पेपर लिहायला छाती लागते.

अडचण अशी की स्फटिकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर आळीपाळीने नीट बसावे लागतात, आणि चुकीचे बसलेले अणू पुढची वाढ अडवतात. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या लोकांनी दाखवलं की द्रावण सतत संपृक्त ठेवण्यापेक्षा अधूनमधून थोडं विरघळू दिलं तर आधी चुकीचे अणू सुटतात आणि स्फटिक भराभर वाढतो. सुमारे ३०० थर वाढवले त्यांनी, त्याआधी पाचच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तुमच्या सब्ख्यात पाणी असंच चढतं-उतरतं, त्यामुळे मला ते पटतं. पण म्हणून जुन्या डोंगरांचं कोडं सुटलं असं मी म्हणणार नाही. त्यातले बरेच आधी चुनखडक होते आणि पुढे मॅग्नेशियमवालं पाणी त्यांतून फिरून बदलले. ते पाणी कुठून आलं, याची प्रत्येक डोंगरागणिक वेगळी कथा आहे.

आमच्या भागात हा नुसता अभ्यासाचा विषय नाही. सिमेंटवाल्यांना मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) नको असतो, साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकात ६ टक्क्यांची मर्यादा आहे. एकाच खाणीत एक बेंच (खाणीतली पायरी) चालतो आणि शेजारचा टाकून द्यावा लागतो. रानात ओळखायचं तर सौम्य ॲसिडचा थेंब: चुनखडक फसफसतो, डोलोमाइट ढिम्म. त्यावर नखाने ओरखडा काढून उपयोग नाही, चाकूने थोडी भुकटी करा, मग तोही कुरकुरत का होईना फसफसतो.

नारळीपौर्णिमा

आता कोणीतरी रामसेतू काढणार, लिहून ठेवा.

उपद्व्यापी

तूच काढलास.

संपादक

त्या विषयाचे तीन धागे आधीच कुलूपबंद आहेत. इथे चौथा नको.

पुळण

मूळ मुद्द्यावर येतो. परत जाऊन पाहून आलो. दोन गोष्टी दिसल्या. भरती जिथे रोज पोचते तिथल्या लादीत शिंपल्यांना अजून थोडी चकाकी आहे. वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला, जुनी वाटणारी एक कड आहे. तिथे बरेच शिंपले खडूसारखे झालेत, बोटाला पांढरं लागतं. आणि काही जागी शिंपलाच नाही, नुसता ठसा. खोदकाम_बंद यांचा कोअर आठवला.

तर माझ्या लादीचा चिकटा समुद्राचा की विहिरीच्या पाण्याचा, हे ठरवायचं कसं?

खोदकाम_बंद

वा! तेल शोधू नका फक्त.

अश्मक

फार चांगलं निरीक्षण. वरच्या कडेवर पावसाने काम सुरू केलेलं आहे, हे त्या ठशांवरून कळतं. खालची लादी अजून समुद्राच्या ताब्यात.

चिकट्याचा उगम नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. प्रत्येक कणाभोवती सारख्या जाडीची सुयांची झालर असेल तर फटी समुद्राच्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असताना ती बसली. चिकटा फक्त कण टेकतात त्या सांध्यांत असेल, किंवा कणाच्या खालच्या अंगाला लोंबत असेल, तर फटींत हवाही होती, पाणी वरून ठिबकत होतं. ढोबळ, चौकोनी कॅल्साइटचे स्फटिक असतील तर गोड्या पाण्याचा संशय घ्यायचा. बऱ्याचदा एकाच कापात आत सुया आणि वर ढोबळ स्फटिक मिळतात, म्हणजे आधी समुद्र आणि मग पाऊस. तुमच्या वरच्या कडेत तसं असावं असा माझा अंदाज, पैज लावणार नाही.

आसपासच्या भूशास्त्र विभागात विचारा, काप करून देतात. सुटा पडलेला तुकडा न्या, लादी फोडू नका. लाटांचा मारा ती अंगावर घेते, मागची पुळण त्यामुळे टिकते.

पुळण

खाली सुटे तुकडे आहेत, दोन आणलेत. कॉलेजातल्या ओळखीच्या मॅडमना विचारतो.

सहज_सुचलं

मला एक घरगुती शंका. आजोळच्या विहिरीला आतून करलाचे चिरे आहेत. हे सगळं वाचून घाबरले. विहीर विरघळतेय का?

अश्मक

विहिरीचं पाणी जड आहे का? साबणाला फेस येत नाही असं?

सहज_सुचलं

अजिबात येत नाही. डाळ पण शिजत नाही नीट.

अश्मक

मग ते पाणी आधीच कार्बोनेटने भरलेलं आहे, चिऱ्यांना फारसं खाणार नाही. पावसाळ्यात वरून थेट पाणी उतरतं त्या भागातले सांधे मात्र दर वर्षी बघत चला. पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर चालेल. शेवाळ काढायला फरशीचं ॲसिड कोणी वापरत असेल तर तेवढं थांबवा.

सहज_सुचलं

मामा तेच वापरतो. फोन लावते.